'मस्ट' म्हणजे किती टक्के खात्री?

खडूफळा

मी बारावीला इंग्रजी शिकवतो. यंदा मोडल ऑक्झिलरी, म्हणजे 'मस्ट', 'शुड', 'मे' अशी सहायक क्रियापदं, शिकवताना एका मुलीनं वर्गात प्रश्न विचारला. तो एका तासात सुटण्यासारखा नाही, म्हणून इथे धागा काढतोय.

गाइडांमध्ये आणि क्लासच्या नोट्समध्ये खात्रीची एक शिडी छापलेली असते. सगळ्यात वर 'मस्ट', शंभर किंवा पंच्याण्णव टक्के. त्याखाली 'शुड', मग 'मे' पन्नास, 'माइट' तीस. मुलं ती पाठ करतात. ही मुलगी म्हणाली, "सर, 'ही मस्ट बी ॲट होम' म्हणजे शंभर टक्के, तर 'ही इज ॲट होम' म्हणजे किती? दोन्ही शंभरच असतील तर 'मस्ट' घालायचंच कशाला?"

वर्ग हसला. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बोलताना आपण बरोबर उलटं अनुभवतो. "तो घरी आहे" म्हणणारा ठाम असतो. "तो घरी असणार" म्हणणाऱ्याला आपण विचारतो, "कशावरून?"

दुसरी अडचण अशी की हाच शब्द सक्तीही दाखवतो. 'यू मस्ट वेअर अ युनिफॉर्म' यात टक्क्यांचा काय संबंध? 'ही मस्ट वर्क ऑन संडेज' हे वाक्य तर दोन्हीकडे जातं. त्याला रविवारी काम करावंच लागतं, हा एक अर्थ. तो रविवारीही काम करत असणार, त्याशिवाय इतकं उरकत नाही, हा दुसरा. क्रियापदाचं रूप बदललं की गोंधळ बराचसा मिटतो. 'ही मस्ट बी वर्किंग' किंवा 'ही मस्ट हॅव वर्क्ड' म्हटलं की बहुतेक वेळा तर्कच असतो, सक्ती नसते. 'नो', 'लव्ह', 'बी' अशी स्थिती सांगणारी क्रियापदं आली तरी कल तर्काकडे जातो. ही खूण मी मुलांना देतो आणि ती कामी येते.

माझं मत असं की दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: दुसरी वाट उरलेली नाही. एकीकडे नियमानं वाटा बंद केल्या, दुसरीकडे पुराव्यानं. पण मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यानं मिळत नाही. जाणकारांनी लिहावं. वकील, आयटीवाले, परदेशात राहणारे, सगळ्यांच्या कामात हे शब्द रोज येत असतील.

मधुमालती

फार चांगला विषय, सर. माझ्या मुलाच्या क्लासच्या वहीत हीच शिडी आहे, पण 'शुड'पुढे नव्वद लिहिलंय. तुमच्याकडे किती? प्रत्येक गाइडात आकडे वेगळे असतील तर ते आले कुठून?

शब्दवेल्हाळ

खडूफळा, तुमच्या विद्यार्थिनीचं कौतुक सांगा तिला. भाषाशास्त्रज्ञ याच प्रश्नावर गेली पन्नास वर्षं वाद घालतायत. लॉरी कार्टुनेन यांनी १९७२मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: 'मस्ट' घातलं की विधान साध्या विधानापेक्षा कच्चं वाटतं.

एक प्रयोग वर्गात करून बघा. खिडकीशी उभं राहून बाहेर धो धो पाऊस दिसत असताना 'इट मस्ट बी रेनिंग' म्हणा. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे तो गोंधळून बघेल. आता पडदे लावलेल्या खोलीत बसा. आत येणाऱ्या माणसाच्या छत्रीतून पाणी निथळतंय, बुटांना चिखल आहे. इथे 'इट मस्ट बी रेनिंग' अगदी बरोबर. मराठीतही तसंच. समोर सरी कोसळताना कोणी "पाऊस पडत असणार" म्हणत नाही.

मग पहिल्या प्रसंगात खात्री जास्त आहे आणि दुसऱ्यात कमी, म्हणून हा फरक पडतो का? काई फॉन फिंटेल आणि अँथनी गिलीज या दोघांनी २०१०मध्ये सांगितलं, नाही. त्यांचा मुद्दा माझ्या शब्दांत: चावी तीन खणांपैकी एकात आहे हे पक्कं ठाऊक आहे. पहिला खण उघडला, नाही. दुसरा उघडला, नाही. आता म्हणायचं, 'इट मस्ट बी इन द थर्ड'. इथे शंकेला तीळभर जागा नाही, तरी 'मस्ट' चपखल बसतं. का? चावी डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिथवर तर्कानं पोचलोय, म्हणून.

तेव्हा 'मस्ट' खात्रीचं प्रमाण मोजत नाही, खात्री कुठल्या रस्त्यानं आली ते सांगतं. 'इज' म्हणणारा बघून, ऐकून, स्वतः जाणून बोलतो. 'मस्ट' म्हणणारा खुणांवरून निष्कर्ष काढून बोलतो. ऐकणाऱ्याला ते 'मस्ट' कच्चं वाटतं, कारण एरवी आपले तर्क चुकू शकतात. पण तो कच्चेपणा तर्काच्या मालाचा, शब्दाचा नाही.

तुमच्या 'वाटा बंद' या कल्पनेबद्दलही थोडं. अँजेलिका क्रॅट्झर यांनी १९७७च्या लेखात हेच मांडलं. 'मस्ट'चे दोन निरनिराळे अर्थ मानायची गरज नाही, फक्त 'काय पाहता?' हे विचारायचं. नियम पाहता, की पुरावा पाहता? वाक्यात ते बहुधा लिहिलेलं नसतं, प्रसंगातून कळतं.

न्यायदीप

शब्दवेल्हाळ, मांडणी आवडली, पण 'मस्ट' कच्चं वाटतं या वाक्यावर माझी हरकत आहे. फौजदारी कोर्टात 'मस्ट बी' ही सगळ्यात वरची पायरी आहे, आणि ती आपल्या सर्वोच्च न्यायालयानं स्वच्छ शब्दांत सांगितली आहे.

शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७३. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर. त्यांनी लिहिलं की कोर्टानं शिक्षा ठोठावण्याआधी आरोपी नुसता 'मे बी' दोषी असून भागत नाही, तो 'मस्ट बी' दोषी असला पाहिजे. 'मे बी' आणि 'मस्ट बी' यांच्यात मनाला कापावं लागणारं अंतर लांबचं आहे आणि ते धूसर अटकळींना पक्क्या निष्कर्षांपासून वेगळं काढतं, असा त्या वाक्याचा आशय. फौजदारीत काम करणाऱ्या वकिलाला हे वाक्य तोंडपाठ असतं.

पुढे १९८४मध्ये शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात न्यायमूर्ती फझल अली यांनी परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली. त्यांना निकालातच 'पंचशील' म्हटलंय. पहिलं तत्त्व असं की ज्या परिस्थितीवरून गुन्हा शाबीत करायचा ती परिस्थिती पूर्णपणे सिद्ध झालेली हवी. तिथे बोबडे निकालाचा आधार घेऊन ते म्हणतात, 'मे बी प्रूव्ह्ड' आणि 'मस्ट बी ऑर शुड बी प्रूव्ह्ड' यांत केवळ व्याकरणाचा फरक नाही, कायद्याचाही आहे. शेवटचं तत्त्व असं की पुराव्याची साखळी इतकी पुरी हवी की आरोपी निर्दोष आहे असं मानायला वाजवी आधार उरू नये, आणि सगळ्या मानवी शक्यता पाहता ते कृत्य आरोपीनंच केलेलं असणार, हे दिसावं.

सारडा खटल्यात साखळी पुरी झाली नाही आणि आरोपी सुटला. एखाद्याची फाशी किंवा सुटका ज्या शब्दावर ठरते तो शब्द कच्चा कसा म्हणायचा?

शब्दवेल्हाळ

न्यायदीप, तुमचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या बाजूनंच उभं राहतं. परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा कोणी नाही. सगळा भर तर्कावर. म्हणून तिथे 'मस्ट बी' येणं साहजिकच. कोर्ट काय करतं? तो तर्क तीन खणांच्या चावीइतका घट्ट झालाय का ते तपासतं. एक जरी खण उघडायचा राहिला असेल तर 'मस्ट' म्हणायचा अधिकार नाही. आपण घरी 'मस्ट' ढिलेपणानं वापरतो, कोर्ट त्याची पुरी किंमत वसूल करतं.

न्यायदीप

'उघडायचा राहिलेला खण' हे मान्य. साध्या भाषेत संशयाचा फायदा म्हणजे तेच.

लेस्टरकर

इंग्लंडात आल्यावर गाडीचं लायसन्स काढायला हायवे कोड वाचावा लागला. इंग्रजी मोडल्स शिकवायला याहून चांगलं पाठ्यपुस्तक नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

त्या पुस्तकात 'मस्ट' आणि 'मस्ट नॉट' मोठ्या ठळक अक्षरांत छापलेले असतात. जिथे ते आहेत तिथे मागे कायदा आहे, मोडलात तर गुन्हा. जिथे 'शुड' आहे तिथे सल्ला आहे. तो न पाळणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, पण अपघात झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं तर तुमच्याविरुद्ध त्याचा वापर होऊ शकतो. १९८८च्या रोड ट्रॅफिक ॲक्टमध्येच तशी तरतूद आहे.

हेल्मेटचं बघा. मोटारसायकलवर चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनी हेल्मेट घालणं 'मस्ट', पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना सूट. सायकलवाल्यानं घालणं 'शुड'. डोकं दोघांचं सारखंच फुटतं, पण कायद्याचा हात एकापर्यंत पोचतो आणि दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. आणखी बारीक उदाहरण, जानेवारी २०२२मध्ये बदललेल्या नियमांतलं. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस आलेला असेल तर थांबणं 'मस्ट'. माणूस अजून कडेला उभा राहून वाट बघत असेल तर थांबणं 'शुड'. फुटपाथवरून एक पाऊल खाली पडलं की 'शुड'चं 'मस्ट' होतं! थिअरीच्या परीक्षेला बसणाऱ्या इथल्या मराठी मंडळींना मी आधी हेच समजावून सांगतो.

रात्रपाळी

आमच्या क्षेत्रात तर या शब्दांची व्याख्या करणारा स्वतंत्र दस्तऐवजच आहे. इंटरनेट ज्या नियमांवर चालतं ते नियम 'आरएफसी' नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात. त्यातला २११९ क्रमांकाचा, मार्च १९९७चा, हार्वर्डच्या स्कॉट ब्रॅडनर यांनी लिहिलेला. विषय एवढाच की 'मस्ट', 'शुड', 'मे' यांचा अर्थ काय धरायचा.

'मस्ट' म्हणजे अनिवार्य, सुटका नाही. 'मे' म्हणजे तुमची मर्जी, पण समोरच्यानं ती सोय घेतली नाही तरी त्याच्याशी जुळवून घ्यावं लागेल. माझ्या मते सगळ्यात विचारपूर्वक लिहिलंय ते 'शुड'. विशिष्ट परिस्थितीत न पाळण्याला सबळ कारण असू शकतं, पण परिणाम पुरते समजून-उमजून आणि तोलूनच वेगळी वाट धरा. 'शुड'चा अर्थ 'जमलं तर करा' असा घेणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाला मी हा परिच्छेद वाचायला लावतो.

आणि एक गंमत. पुढे वाद होऊ लागले की दस्तऐवजात साधं, लहान अक्षरांतलं 'मस्ट' आलं तर ते बंधनकारक की नेहमीचं इंग्रजी? मग मे २०१७मध्ये आरएफसी ८१७४ आला: फक्त सगळी अक्षरं मोठ्या लिपीत असतील तेव्हाच तो विशेष अर्थ. लेस्टरकर, तुमच्या हायवे कोडचीच युक्ती.

मधुमालती

म्हणजे सक्तीच्या बाजूला सगळ्यांनी व्याख्या ठरवून घेतल्या. मग टक्क्यांच्या बाजूला कुणीच ठरवल्या नाहीत का?

शब्दवेल्हाळ

ठरवल्या, पण मोडल क्रियापदांना हात न लावता. हवामानबदलाचा आढावा घेणारी आयपीसीसी 'लाइकली' म्हणते तेव्हा ६६ ते १०० टक्के, 'व्हेरी लाइकली' म्हणजे ९० ते १००, 'व्हर्च्युअली सर्टन' म्हणजे ९९ ते १००. आकडा सांगायचा असेल तर असे शब्द घ्यावे लागतात. 'मस्ट', 'मे', 'माइट' त्या कामाचे नाहीत.

ठरवून घेतलं नाही तर काय होतं त्याचा दाखला अमेरिकेच्या सीआयएमध्ये आहे. १९५१मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का, या अहवालात 'सीरियस पॉसिबिलिटी' असे शब्द गेले. तिथले विश्लेषक शर्मन केंट यांच्या मनात ते साधारण ६५ला ३५ असं होतं. नंतर त्यांनी अहवालावर काम केलेल्या सहकाऱ्यांना विचारलं, तर उत्तरं ८०-२०पासून उलट २०-८०पर्यंत आली. एकाच खोलीत बसून एकाच वाक्यावर सह्या केलेली माणसं होती ती. तेव्हा मधुमालतीताई, गाइडातल्या आकड्यांना आधार नाही. मुलांनी क्रम लक्षात ठेवावा, आकडे सोडून द्यावेत.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझ्याकडून वर्गातली दोन हत्यारं. वाक्यातलं 'मस्ट' सक्तीचं की तर्काचं, हे कळेनासं झालं की त्या वाक्याचा भूतकाळ करायचा आणि नकार करायचा. दोन्ही ठिकाणी हे जुळे भाऊ वेगळे होतात.

भूतकाळ घ्या. 'आय मस्ट गो' ही सक्ती. काल जावं लागलं हे सांगायला 'मस्ट' चालतच नाही, 'आय हॅड टू गो' म्हणावं लागतं. तर्काचं 'मस्ट' मात्र भूतकाळात ऐटीत जातं: 'ही मस्ट हॅव गॉन', तो गेला असणार. म्हणून 'आय मस्ट हॅव गॉन टू द बँक यस्टरडे' लिहिणाऱ्या मुलाला "मला काल बँकेत जावं लागलं" म्हणायचं असतं, आणि वाचणाऱ्याला कळतं "मी काल बँकेत गेलो असेन बहुतेक", जणू लिहिणाऱ्याला स्वतःचंच आठवत नाही. पेपर तपासताना हे वाक्य वरचेवर दिसतं.

यामागे इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत 'मोटन' असं क्रियापद होतं आणि 'मस्ट' हे त्याच्या भूतकाळी रूपातून आलं. म्हणजे मुळात तेच भूतकाळ. ते वर्तमानात येऊन बसलं आणि स्वतःचा भूतकाळ गमावून बसलं. 'ऑट'ही तसंच, 'ओ' म्हणजे देणं लागणं, त्याचा जुना भूतकाळ. दुसऱ्याचं बोलणं सांगणाऱ्या वाक्यात मात्र 'मस्ट' तसंच राहू शकतं: 'ही सेड ही मस्ट गो' शुद्ध आहे. 'हॅड टू'च हवं असा आग्रह धरून गुण कापू नयेत.

आता नकार. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे यायला मनाई. 'यू डोन्ट हॅव टू कम' किंवा 'यू नीडन्ट कम' म्हणजे यायची गरज नाही, आलात तरी चालेल. परीक्षेत गुण जातात ते इथे, आणि नोकरीत भांडणं होतात तीही इथेच. साहेबानं 'यू डोन्ट हॅव टू अटेंड' लिहिलं आणि माणूस आपल्याला मीटिंगला यायची बंदी केली म्हणून रुसून बसला, असं होतं. तर्काच्या बाजूला नकार करताना मात्र 'मस्ट' सहसा जातंच आणि 'कान्ट' येतं: 'ही कान्ट बी ॲट होम', तो घरी असणं शक्य नाही. अमेरिकेत याच अर्थानं 'ही मस्ट नॉट बी होम' सर्रास ऐकू येतं. ते चूक नाही, त्या बाजूची रीत आहे.

सांतइनेज

कोकणीत 'जाय' हा एकच शब्द दोन्हीकडे लागतो. 'म्हाका च्या जाय' म्हणजे मला चहा हवा, आणि 'म्हाका वचूंक जाय' म्हणजे मला जायला हवं. पण बाहेरून सक्ती आली की 'म्हाका वचचें पडटा'. इंग्रजी शिकवताना आमच्या बाई 'मस्ट'ला पहिलं आणि 'हॅव टू'ला दुसरं जोडून सांगायच्या. ते अजून डोक्यात पक्कं आहे.

कोयनाकाठ

सांतइनेज यांनी छान धागा दिला. मी मराठी शिकवते, तेव्हा आपल्या घरात डोकावून बघू.

इंग्रजीत एकाच शब्दाला सक्ती आणि तर्क दोन्ही कसे, याचं आपल्या मुलांना नवल वाटायला नको. शाळेतला विध्यर्थ आठवा. 'मुलांनी थोरांचा मान राखावा' हे कर्तव्य. 'आज बहुधा पाऊस पडावा' ही शक्यता. एकच '-आवा' प्रत्यय, दोन कामं. 'पाहिजे'चंही तेच. 'त्यानं अभ्यास केला पाहिजे' यात कर्तव्य, 'तो आतापर्यंत गावात पोचला असला पाहिजे' यात अनुमान. जगातल्या कितीतरी भाषांत ही जोडी अशीच सापडते.

खडूफळा सरांनी दाखवलेली भूतकाळाची फाटाफूट तर मराठीत इंग्रजीहून उघड आहे. 'मला जावं लागलं': गेलो, नाइलाजानं. 'मी जायला पाहिजे होतं': गेलो नाही, आणि आता हळहळ. 'तो गेला असला पाहिजे' किंवा 'तो गेला असणार': तर्क. इंग्रजीत हेच अनुक्रमे 'हॅड टू गो', 'शुड हॅव गॉन', 'मस्ट हॅव गॉन'. ही तीन वाक्यं आधी मराठीत म्हणून घ्यायची आणि मग इंग्रजीकडे जायचं. पोरांना अर्थ आधीच ठाऊक असतो, त्यांना फक्त कुठलं रूप कुठे बसतं ते दाखवायचं.

आणि सरांच्या विद्यार्थिनीसाठी: 'तो घरी आहे', 'तो घरी असणार', 'तो घरी असावा', 'तो घरी असेल'. हे चारही वर्गात म्हणून बघा. 'असणार' म्हणणाऱ्याकडे काही खूण असते, दारात चपला, आत दिवा. 'असावा' म्हणणारा जरा जपून बोलतो. 'असेल' म्हणणाऱ्याला बरेचदा फारशी फिकीरही नसते, "असेल, मला काय त्याचं!" टक्के कुठेच येत नाहीत.

मधुमालती

कोयनाकाठ, चपला आणि दिवा फार आवडलं. आज मुलाला हेच सांगते. एक शंका राहिली: 'मस्ट' आणि 'हॅव टू' यांत नेमका फरक काय? क्लासमध्ये दोन्ही 'कम्पल्शन' म्हणून सांगतात.

खडूफळा

पेपरात दोन्ही चालतील. बोलण्यात छटा आहे. 'यू मस्ट फिनिश दिस' म्हणताना बोलणारा स्वतःचं वजन टाकतो, सांगणारा तोच. 'यू हॅव टू फिनिश दिस' म्हणताना तो बाहेरच्या नियमाकडे बोट दाखवतो. डॉक्टर 'यू मस्ट स्टॉप स्मोकिंग' म्हणतात. घरी येऊन तुम्ही सांगता, 'आय हॅव टू स्टॉप स्मोकिंग'. हुकूम डॉक्टरांचा, तुम्ही निरोप देताय. सगळीकडे ही रेषा ठळक नसते, पण बहुतेक वेळा लागू पडते.

शब्दवेल्हाळ

याला एक जोड. १९६१चे आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचे छापील इंग्रजीचे दहा दहा लाख शब्दांचे संग्रह ताडून पाहिले तेव्हा ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे 'मस्ट'चा वापर बराच घटलेला दिसला, 'शॅल'चाही. 'हॅव टू', 'नीड टू' यांचं चलन वाढलंय. समोरच्यावर आपलं वजन टाकणं लोकांना आता रुचत नाही, असं त्याचं कारण बरेच अभ्यासक देतात. परदेशी सहकाऱ्यांना मेल लिहिणाऱ्यांनी 'यू मस्ट सेंड द रिपोर्ट' लिहिण्याआधी एकदा थांबावं. आपल्याला ते साधं वाटतं, तिकडे ते दरडावल्यासारखं ऐकू जातं.

लेस्टरकर

अगदी खरं. आणि तरी हेच लोक घरी बोलवताना 'यू मस्ट कम टू डिनर' म्हणतात, तेव्हा त्यात नुसता जिव्हाळा असतो. फायदा ऐकणाऱ्याचा असेल तर सक्तीचा आग्रह होतो. आपल्या लग्नपत्रिकेतलं "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!" तसंच. तिथे 'येऊ शकता' लिहिलं तर पाहुणे रुसतील.

न्यायदीप

'शॅल'चं नाव निघालंच आहे तर कायद्याची बाजू. आमच्याकडे 'शॅल' दिसलं म्हणजे ते बंधनकारक असेलच असं नाही. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध मनबोधन लाल श्रीवास्तव, १९५७. संविधानाच्या ३२०व्या अनुच्छेदात लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यावा यासाठी 'शॅल बी कन्सल्टेड' असे शब्द आहेत. कोर्ट म्हणालं, ही तरतूद निदेशात्मक आहे, म्हणजे सक्तीची नाही, सल्ला घेतला नाही एवढ्यानं कारवाई रद्द होत नाही. उलट 'मे' लिहिलेलं असूनही अधिकाऱ्यावर कर्तव्य येतं, असेही निकाल आहेत. कायद्याचा हेतू बघून अर्थ लावावा लागतो.

१८७२च्या पुरावा कायद्यात 'मे प्रिझ्यूम' (कोर्ट धरू शकतं), 'शॅल प्रिझ्यूम' (उलट सिद्ध होईपर्यंत धरायचंच) आणि 'कन्क्लुझिव्ह प्रूफ' (उलट पुरावा चालतच नाही) अशा तीन पायऱ्या व्याख्येसकट दिल्या होत्या. १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पायऱ्या त्याच राहिल्या. चोरीनंतर लगेच ज्याच्याकडे माल सापडला, आणि तो कुठून आला याचा खुलासा ज्याला देता येत नाही, तो चोर तरी असावा किंवा चोरीचा माल जाणूनबुजून घेणारा तरी, असं कोर्ट धरू शकतं. पण 'मे' आहे, धरलंच पाहिजे असं नाही.

अमेरिकेत तर 'शॅल' संदिग्ध म्हणून दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून २००७मध्ये काढून टाकलं. ५६व्या नियमात त्या जागी 'शुड' घातलं. त्यावरून इतका खल झाला की २०१०मध्ये तेवढ्या नियमात 'शॅल' परत आणावं लागलं. 'मस्ट' घालू की 'शुड', यावर एकमत होईना.

रात्रपाळी

एक शेवटचा प्रश्न, खडूफळा सर. आमच्याकडे 'द बिल्ड शुड बी डन बाय नाउ' रोज म्हणतो, म्हणजे बिल्ड (कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं) एव्हाना झालं असेल अशी अपेक्षा. मग 'द सर्व्हर शुड क्रॅश टुनाइट' का विचित्र वाटतं? लक्षणं बघता रात्री क्रॅश होईल अशी माझी पक्की अपेक्षा असली तरी?

खडूफळा

कारण तर्काच्या 'शुड'मध्ये कर्तव्याचा अंश उरलेला असतो. सगळं रीतसर, ठरल्याप्रमाणे चाललं तर काय व्हावं, ते 'शुड' सांगतं. बिल्ड पुरं होणं हे रीतसर, म्हणून चालतं. सर्व्हर पडणं कुणाच्याच योजनेत नसतं, म्हणून ऐकणाऱ्याला वाटतं की तो पडावा अशी तुमची इच्छा आहे. तिथे 'विल प्रॉबॅब्ली क्रॅश' किंवा 'इज लाइकली टू क्रॅश' म्हणायचं.

मराठीत ताडून बघा. 'एव्हाना गाडी यायला हवी होती' सगळे म्हणतात. 'एव्हाना अपघात व्हायला हवा होता' असं भलं माणूस म्हणणार नाही. 'मस्ट'ला मात्र ही अट नाही. 'देअर मस्ट हॅव बीन ॲन ॲक्सिडेंट' सहज म्हणता येतं, कारण ते रीत बघत नाही, समोरच्या खुणा बघतं: रस्त्यावरच्या काचा, थांबलेली रांग, दुरून येणारा सायरन.